घरच्या केकची आगगाडी

मुलांच्या वाढदिवसाचा केक घरी करण्याची प्रथा मराठी कुटुंबांत दोन-तीन पिढ्यांची तरी आहे. झाकणाला काचेची खिडकी असलेला ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन कित्येक घरांत माळ्यावर ठेवलेला असे आणि वाढदिवस किंवा नाताळच्या निमित्ताने तो खाली उतरे. त्यातून निघणारा केक गोलच असायचा आणि त्या गोलपणाबद्दल कुणाची तक्रार नसे. पुढे वाढदिवसासाठी एखादा विषय ठरवण्याची, म्हणजेच 'थीम'ची चाल रूढ झाली. जंगल, समुद्र, अंतराळ, रेल्वे असा काहीतरी विषय घ्यायचा आणि फुगे, टोप्या, पाहुण्या मुलांना द्यायच्या भेटवस्तू असे सारे काही त्याला धरून करायचे. साहजिकच केकनेही तेच रूप घ्यावे, अशी मुलांची अपेक्षा असते.

बेकरीत असा केक मागणीनुसार करून मिळतो. मात्र त्यावरील फाँडंटचा जाड, अतिगोड थर बहुतेक मुले सोलून ताटलीच्या कडेला ठेवतात. घरी करावा तर कलाकुसरीची धास्ती वाटते. वास्तविक आकाराच्या केकमध्ये कशिदा थोडा आणि सुतारकाम अधिक असते. घट्ट बांध्याचा साधा केक भाजावा, तो गार करून मापाने कापावा, तुकडे एकमेकांना जोडावेत, इतकेच मुख्य काम. सजावट हा शेवटच्या तासाचा भाग आहे. पहिली तीन कामे नीट झाली, तर सजावटीतल्या उणिवा कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

हेच सूत्र घेऊन ऑस्ट्रेलियात एक पुस्तक घराघरांत पोहोचले. 'द ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली' या नियतकालिकाने १९८० मध्ये मुलांच्या वाढदिवसांच्या केकचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या मुखपृष्ठावर आगगाडीचा केक होता आणि तिच्या डब्यांत मक्याच्या लाह्या भरलेल्या होत्या. आत जेलीचे पाणी असलेला पोहण्याचा तलाव होता, बटाट्याच्या वेफर्सची चोच लावलेले बदक होते. साधा केक आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी गोळ्या-बिस्किटे यांपलीकडे फारसे काही त्या केकना लागत नसे. म्हणूनच ते पुस्तक पाककलेत न रमणाऱ्या आईवडिलांनाही आपले वाटले.

आकाराची निवड

ज्याची बाह्यरेषा ओळखीची आहे, असा आकार घ्यावा. आगगाडी, घर, होडी, मासा, फुलपाखरू, वयाचा आकडा हे सारे दुरूनही ओळखता येतात. गोल केक मधोमध कापून दोन्ही अर्ध्यांच्या पाठी एकमेकींना लावल्या की फुलपाखराचे पंख तयार होतात. चित्रपटातील किंवा कार्टूनमधील पात्राचा चेहरा मात्र नवख्याने टाळावा. चेहऱ्यात डोळा चार मिलिमीटर इकडे-तिकडे झाला, तरी तो चेहरा परका होतो आणि पाच वर्षांचे मूल ते तत्काळ बोलून दाखवते. शिवाय आवडत्या पात्राच्या चेहऱ्यावर सुरी फिरवण्याचा प्रसंग काही मुलांना रडवतो.

आपल्याकडे एक फार चांगला विषय सहसा कुणाला सुचत नाही, तो म्हणजे किल्ला. दिवाळीत मातीचे किल्ले करणाऱ्या मुलांना बुरूज, तटबंदी, दरवाजा सारे पाठ असते. चौकोनी केकच्या चार कोपऱ्यांवर पेल्यात भाजलेले चार बुरूज आणि भोवती निळ्या जेलीचा समुद्र केला की जलदुर्ग उभा राहतो. खडबडीत लेप हा इथे दोष ठरत नाही, उलट दगडी तटाला तो शोभून दिसतो.

येथे सविस्तर कृती दिली आहे ती आगगाडीची. त्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. आगगाडी सुट्या तुकड्यांची असते. अखंड मोठा केक घरगुती फ्रिजमध्ये मावत नाही, डबे मात्र वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. एक डबा बिघडला तर तेवढाच वगळता येतो. रूपासाठी नेरळ-माथेरानची १९०७ साली सुरू झालेली छोटी गाडी नजरेसमोर ठेवावी. जेमतेम दोन फूट रुंदीच्या रुळांवरचे तिचे जुने वाफेचे इंजिन आखूड, ठेंगणे आणि केकच्या प्रमाणांना साजेसे आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीला चौदा डबे होते, आपल्याला तीन पुरेत.

बांधणीचा केक

पिसासारखा हलका स्पंज खायला छान लागतो, पण कापताना त्याचा भुगा होतो आणि वरचे वजन त्याला पेलत नाही. इराण्याच्या मावा केकसारखा किंचित जड, बारीक जाळीचा केक हवा. म्हणून नेहमीपेक्षा मैदा थोडा अधिक घेतात.

साहित्य : मीठविरहित लोणी ३०० ग्रॅम, पिठीसाखर ३०० ग्रॅम, मध्यम आकाराची अंडी ६, मैदा ३६० ग्रॅम, बेकिंग पावडर अडीच चहाचे चमचे, दूध ४ मोठे चमचे, व्हॅनिला इसेन्स २ चहाचे चमचे, चिमूटभर मीठ. साचे : सुमारे २० सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद असे पावाच्या आकाराचे दोन आणि साडेसहा सेंटिमीटर व्यासाचा, पाणी प्यायचा साधा स्टीलचा पेला एक.

पेला एकेरी पत्र्याचाच असावा. दुहेरी भिंतीच्या पेल्यात हवा कोंडलेली असते, तो ओव्हनमध्ये ठेवणे धोक्याचे आहे. साच्यांना व पेल्याला आतून लोणी लावून बटरपेपर बसवावा. मैदा, बेकिंग पावडर व मीठ दोनदा चाळून घ्यावे. लोणी व साखर फिकट रंग येऊन फुलेपर्यंत फेटावी. अंडी फ्रिजमधून आधीच काढून खोलीच्या तापमानाला आणलेली असावीत. ती एकेक करून घालावी व दर वेळी फेटावे. मिश्रण फुटल्यासारखे दिसू लागले, तर चमचाभर मैदा घातल्याने ते सावरते. उरलेला मैदा दोन-तीन वेळा विभागून हलक्या हाताने मिसळावा, शेवटी दूध व इसेन्स घालावे. पेला अर्धाच भरावा आणि उरलेले मिश्रण दोन साच्यांत सारखे घालावे. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसवर पेल्यातील केकला ३५ ते ४० मिनिटे आणि मोठ्या केकना ५० ते ६० मिनिटे लागतात. विणायची सुई मध्यभागी खुपसून ती कोरडी निघते का, हे पाहावे.

अंडे न खाणाऱ्या घरांसाठी ६०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, ३७५ ग्रॅम मैदा, १८० ग्रॅम वितळवलेले लोणी, ३ चहाचे चमचे बेकिंग पावडर, दीड चमचा खाण्याचा सोडा आणि सुमारे २२५ मिलिलिटर पाणी असे प्रमाण घ्यावे. यात निराळी साखर नको. हा केक चवीला उत्तम, पण ताजा असताना फार मऊ असतो. त्यामुळे तो रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय कापायला घेऊ नये.

ओव्हन नसेल तर? कुकरमध्ये मीठ किंवा वाळू पसरून केक भाजण्याची युक्ती अनेकींना ठाऊक आहे. पण पाण्याविना कुकर तापवणे हे त्याच्या आरोग्याला चांगले नसते आणि लांबट साचा त्यात बसतही नाही. त्याऐवजी जाड बुडाचे जुने, रुंद पातेले घ्यावे, तळाशी मीठ पसरून त्यावर तिवई ठेवावी, घट्ट झाकण लावावे आणि मंद आचेवर दहा मिनिटे तापवून मग एकेक साचा आत ठेवावा. वेळ थोडा अधिक लागतो. वरची बाजू फिकट राहते, परंतु ती लेपाखाली झाकली जाणारच आहे. मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शनची सोय असेल तरच तो वापरावा. निव्वळ मायक्रोवेव्ह लहरींवर झालेला केक गार झाल्यावर लवकर वातड होतो.

कापणी आणि जोडणी

केक भाजला त्याच दिवशी कापू नये. पूर्ण गार झाल्यावर प्लॅस्टिकच्या आवरणात गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. गार केकमधील लोणी घट्ट झालेले असते आणि पावाच्या दातेरी सुरीने सरळ, स्वच्छ काप निघतो. दोन्ही मोठ्या केकचा वर आलेला फुगवटा कापून सपाट करावा. साधारण पाच सेंटिमीटर उंची उरते. मापांचे चौकोन कागदावर कापून केकवर ठेवले की हात चुकत नाही.

पहिल्या केकचे रुंदीत तीन समान तुकडे करावेत. दहा सेंटिमीटर लांब, साडेसहा रुंद आणि पाच उंच असे हे तीन डबे झाले. प्रत्येकाच्या वरून कडेला सेंटिमीटरभर भिंत ठेवून दीड सेंटिमीटर खोल पोकळी कोरावी, म्हणजे आत माल भरता येतो.

दुसऱ्या केकची लांबीच्या दिशेने साडेसहा सेंटिमीटर रुंदीची पट्टी काढावी. या पट्टीचा चौदा सेंटिमीटरचा आणि सहा सेंटिमीटरचा असे दोन भाग करावेत. लांब भाग आडवा चिरून त्याचे दोन थर करावेत. त्यांतला एक थर इंजिनाचा पाया झाला. सहा सेंटिमीटरचा तुकडा पायाच्या मागच्या टोकावर उभारला की चालकाची खोली होते. लांब भागाच्या दुसऱ्या थरातून सहा सेंटिमीटर कापून त्या खोलीवर ठेवला की तिला हवी तेवढी उंची येते. पुढच्या आठ सेंटिमीटर जागेत पेल्यातला केक आडवा ठेवायचा. हा बॉयलर. तो घरंगळू नये म्हणून त्याची खालची बाजू पातळ कापून सपाट करावी आणि पेल्याच्या निमुळतेपणामुळे एक टोक जाड वाटत असेल, तर तेही तासून घ्यावे.

जोडायला लेपच चिकणमातीचे काम करतो. चालकाची खोली उंच असल्याने तिच्यातून पायापर्यंत कागदाच्या दोन जाड नळ्या खोवाव्यात. दात कोरायच्या काड्या केकमध्ये कधीही वापरू नयेत. त्या लेपाखाली दिसत नाहीत आणि लहान मूल केक चावून नव्हे, गिळून खाते. नळ्याही मोजून घालाव्यात व वाढण्यापूर्वी मोजून काढाव्यात.

उरलेल्या कापांचा भुगा टाकू नये. तो वितळवलेल्या चॉकलेटमध्ये कालवून त्याचे ओबडधोबड खडे केले की पहिल्या डब्यात भरायला कोळसा तयार होतो. पाहुण्या मुलांची पहिली झडप बहुधा यावरच पडते.

लेप आणि आपली हवा

परदेशी कृतींवर विसंबणाऱ्यांची फसगत बहुधा इथे होते. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडू लागते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, तर मुंबई-कोकणात तापमान त्याहून कमी असले तरी हवेतला दमटपणा साखरेला पाणी सोडायला लावतो. तेव्हा लेप ऋतू पाहून ठरवावा.

थंडीत बटरक्रीमसारखे सोपे काही नाही. तीन डब्यांसाठी २०० ग्रॅम मऊ लोणी पांढरेशुभ्र होईपर्यंत फेटावे, त्यात ४०० ग्रॅम आयसिंग शुगर चाळून थोडी थोडी घालावी, लागल्यास चमचाभर दूध घालावे. घरी दळलेली साखर कितीही बारीक केली तरी जिभेला किंचित रवाळ लागते, म्हणून येथे विकतची आयसिंग शुगरच बरी. उन्हाळ्यात निम्म्या लोण्याऐवजी बेकरीत वापरतात ते वनस्पतिजन्य शॉर्टनिंग घ्यावे लागते. चव थोडी उतरते, पण डबा उभा राहतो.

इंजिनासाठी चॉकलेटचा गनाश सर्वांत उत्तम. २०० ग्रॅम काळे चॉकलेट बारीक चिरावे, १०० ग्रॅम फ्रेश क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून त्यावर ओतावे, दोन मिनिटांनी ढवळून एकजीव करावे आणि लोण्याइतके घट्ट होईपर्यंत गार होऊ द्यावे. कडक उन्हाळ्यात चॉकलेटचे प्रमाण अडीच पट करावे. इंजिनाला लागणारा गडद रंग यातून आपोआप मिळतो. काळा खाद्यरंग वापरला तर तो इतका घालावा लागतो की केक कडवट होतो आणि छायाचित्रात सगळ्या मुलांचे दात निळे-काळे येतात.

फाँडंटबद्दल एवढेच सांगायचे की दमट हवेत फ्रिजमधून बाहेर काढताच त्याला घाम फुटतो. चाके, घंटा असे छोटे भाग करण्यापुरते ते ठीक आहे.

कोणताही लेप दोनदा द्यावा. पहिला अगदी पातळ, फक्त सुटा भुगा चिकटून बसावा एवढ्यासाठी. तो देऊन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे आणि मग दुसरा, जाडसर थर द्यावा. घरच्या केकचा लेप खरबरीत दिसण्याचे कारण नव्वद टक्के वेळा हा पहिला थर वगळणे हेच असते.

रंग, बिस्किटे आणि काही सावधगिरी

भारताच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमावलीत कृत्रिम खाद्यरंग मोजके आठच मान्य केले आहेत. टार्ट्राझिन व सनसेट यलो हे पिवळे-केशरी, कार्मोइसिन, पाँसो ४आर व एरिथ्रोसिन हे लाल, ब्रिलियंट ब्लू व इंडिगो कार्मिन हे निळे आणि फास्ट ग्रीन हा हिरवा. बाटलीवर रंगाचे नाव, परवाना क्रमांक आणि मुदत छापलेली नसेल, तर ती घेऊ नये. सुट्या पुड्यांतले रंग तर मुळीच नकोत. कापड रंगवण्याचे रोडामाइन-बी आढळल्यामुळे पुदुच्चेरी आणि तमिळनाडू सरकारांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हातारीच्या केसांच्या विक्रीवर बंदी घातली होती, हे लक्षात ठेवावे. चमकीच्या डबीवर 'विषारी नाही' असे लिहिलेले असले, तरी ती खाण्याची आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

डब्यांना फिकट रंगच द्यावेत. जेल स्वरूपातला रंग टोकदार काडीने थेंबभर घेतला तरी पुरतो आणि तो काही तासांत गडद होत जातो, म्हणून हव्या त्या छटेच्या थोडे अलीकडेच थांबावे. पिवळा, फिकट निळा आणि लोण्याचा मूळ रंग असे तीन डबे काळ्या इंजिनामागे फार छान दिसतात.

चाकांसाठी गोल चॉकलेट क्रीम बिस्किटे घ्यावीत. प्रत्येक डब्याला चार आणि इंजिनाला सहा, म्हणजे अठरा, शिवाय फुटतील म्हणून चार-सहा जास्तीची. बिस्किटे लेपातला ओलावा शोषून मऊ पडतात, म्हणून ती केक मांडण्याच्या दोन तासांच्या आत लावावीत. दारे-खिडक्यांना पार्ले-जीचे तुकडे, रुळांना लांब वेफर नळ्या आणि त्यांखाली स्लीपर म्हणून बोरबन बिस्किटे चालतात. खडीसाठी साध्या बिस्किटांचा जाडसर चुरा पसरावा. चिक्कीचा चुरा खडीसारखा हुबेहूब दिसतो, पण पाहुण्या मुलांपैकी कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे त्यांच्या पालकांना विचारल्याशिवाय तो वापरू नये. चार वर्षांखालील मुले येणार असतील, तर अख्खे दाणे, कडक गोळ्या, मक्याच्या लाह्या आणि अख्खी द्राक्षे सजावटीतून वगळावीत, कारण हे सारे घशात अडकू शकते. धुराड्यासाठी आइस्क्रीमच्या कोनाचे निमुळते टोक उलटे लावावे. मार्शमेलो वापरायचा असेल तर पाकिटावरील हिरवी खूण पाहावी. बहुतेक मार्शमेलोंत जिलेटिन असते आणि ते प्राणिजन्य असते. शाकाहारी पाहुण्यांच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही. धूर दाखवण्याचा मोह सोडला तरी चालतो. म्हातारीचे केस दमट हवेत काही मिनिटांत आक्रसून चिकट गोळा होतात.

वेळेचा हिशेब

समारंभ रविवारी संध्याकाळी सहाचा असेल, तर केक शुक्रवारी रात्री भाजावा, शनिवारी दुपारी कापून पहिला लेप द्यावा आणि त्याच रात्री दुसरा. इंजिन व डबे आपापल्या जाड पुठ्ठ्यांवर, झाकण असलेल्या डब्यांत ठेवावेत. फ्रिजमध्ये त्या दिवशी चिरलेला कांदा, फणस असले काही नसावे, कारण लोणी वास ओढून घेते.

गाडीची एकूण लांबी मधल्या जागा धरून पन्नास सेंटिमीटरच्या आसपास भरते. तिच्यासाठी साठ सेंटिमीटर लांबीची प्लायवूडची फळी किंवा दुहेरी पुठ्ठा फॉइलमध्ये गुंडाळून घ्यावा. ही मांडणी ज्या टेबलावर केक कापायचा, त्यावरच करावी. जिन्यावरून किंवा रिक्षातून तयार गाडी नेण्याचे धाडस करू नये. सभागृह दुसरीकडे असेल तर तुकडे वेगळे न्यावेत आणि सोबत वाटीभर लेप, एक सुरी व जास्तीची बिस्किटे ठेवावीत. रविवारी चारच्या सुमारास रूळ मांडावेत, मग इंजिन, मग डबे, आणि सर्वांत शेवटी चाके व माल. पंखा थेट केकवर नसावा.

औक्षण केक मांडलेल्या टेबलापासून जरा दूर पाटावर करावे. मेणबत्त्या शेवटच्या डब्यात, चालकाच्या खोलीपासून लांब लावाव्यात. ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या घरात नकोतच, त्यांची राख नेमकी लेपावर पडते.

ही गाडी वीस-बावीस मुलांना पुरते. आधी शेवटचा डबा कापावा, मग मधला, मग कोळशाचा. इंजिन कापायला वाढदिवसाचे मूल सहसा तयार नसते. ते तसेच राहू द्यावे. नळ्या काढून, झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले, तर दोन दिवस उत्तम टिकते. मात्र खाण्यापूर्वी तासभर बाहेर काढावे, नाही तर गनाश दगडासारखा लागतो.